कातळेश्वराचं गाऱ्हाणं

पाहुण्यांनो, आत जाण्याआधी एवढं ऐकून घ्या, म्हणजे मग बिचकायला होणार नाही. इथला गुरव सगळ्यांची गाऱ्हाणी घालून झाली की देवाकडे सरळ पाठ फिरवतो. दर जत्रेला कोणी तरी शहरातला जाणकार पुढे होतो आणि "अहो, देवाकडे पाठ काय करता?" म्हणून त्याला खांद्याला धरून वळवू बघतो. गेल्या खेपेला एक बाई तर रागावून निघूनच गेल्या. त्यांना थांबवून सांगायला कोणी नव्हतं. तुम्ही आहात तर बसा या ओट्यावर, अजून नारळ यायचे आहेत.

निरवण गावाचा हा सडा म्हणजे नुसता कातळ. माती हाताला लागेल तर शपथ. चैत्रात इथे अनवाणी दोन पावलं टाकून पाहा. अशा जागी देवाने का येऊन उभं राहावं ते त्यालाच ठाऊक. पण तो उभा आहे, काळा, पुरुषभर उंचीचा, नाक ना डोळे. त्याला कातळेश्वर म्हणतात.

आमच्या मुलखात माणूस आपली अडचण देवाला स्वतः सांगत नाही. तो नारळ गुरवाच्या हातात देतो, मनातलं त्याच्या कानात सांगतो आणि गुरव त्याच्या वतीने खड्या आवाजात देवापुढे ते मांडतो. याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. गुरवाच्या दर बोलाला जमलेली माणसं "होय म्हाराजा" म्हणतात. गावाने एकदा होय म्हटलं की गाऱ्हाणं पोचलं, मग ते कोणालाच मागे घेता येत नाही. देवाचं उत्तर हवं असेल तर कौल लावायचा. पाषाणाच्या दोन अंगांना दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

गलबतं शिडावर चालायची तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी इथे सगुण गुरव होता. त्याच्यासारखा गाऱ्हाणं घालणारा बारा गावांत नव्हता असे सांगतात. त्याने "बा देवा म्हाराजा" म्हणून सूर लावला की खाली नदीवर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवायच्या. माणूस मनाने चांगला होता, पण आपल्या आवाजावर भारी खूश. गाऱ्हाणं जितकं अवघड तितका तो रंगायचा. कोणाची म्हैस आटली, कोणाचा भाऊबंद बांध कोरतोय, कोणाचं लेकरू तापाने फणफणलंय, सगळं तो असं मांडायचा की सांगणाऱ्यालाच आपलं दुःख नव्याने कळावं.

त्याला कोड्यात टाकणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे मथुरा. सड्याच्या पायथ्याशी तिचं खोपट होतं. नवरा कधीच गेलेला. एकुलता एक मुलगा येसो बारा वर्षांपूर्वी गलबतावर चढला, तो पुन्हा दिसला नाही. ते गलबतही दिसलं नाही. मथूकाकी रोज भर दुपारी, कोणी नसताना, सडा चढून यायची. अनंताची दोन फुलं देवापुढे ठेवायची आणि खांबाला टेकून बसायची. मग सुरू व्हायच्या तिच्या गप्पा. कोंबडी खुडूक बसली, फणसाला यंदा कुयरे कमी धरले, गुडघा काल बरा होता पण आज नाही. सगळं झालं की देवाला विचारायची, "तुजा कसा काय? ऊन लय लागला काय रे आज?" आणि उठून जायची.

सगुणाने तिला एकदा विचारलं होतं, "काकी, येताहास तर एक गाऱ्हाणा घालून जा. नारळ नसलो तरी चलात."

ती हसली. "माका खय काय होया?" म्हणाली.

मागायचंच काही नाही, हे सगुणाच्या डोक्यात बसेना. कुस्तीगिराला कोणी हात धरून गप्पा मारायला बसवावं तसं त्याला व्हायचं. एवढा मोठा देव, एवढा मोठा गुरव, आणि ही बाई कोंबडीच्या गोष्टी सांगून जाते!

अशात एका पावसाळ्यात देशावरचे एक हरिदासबुवा चार महिने देवळात उतरले. विद्वान माणूस, बोलणं मधासारखं. एका निरूपणात त्यांनी सांगितलं की देवाकडे चार तऱ्हेचे भक्त येतात. गांजलेला येतो तो सुटका मागायला. दुसऱ्याला काही मिळवायचं असतं. तिसरा येतो तो देव म्हणजे नक्की काय हे विचारायला. आणि चौथ्याला ते कळलेलं असतं, तरी तो येतो. चौघेही देवाला प्रियच, असंही बुवा म्हणाले होते. पण सगुणाच्या कानात चार हा आकडा तेवढा शिरला आणि मागचं वाक्य वाऱ्यावर गेलं.

बुवा गेले, कार्तिकाची जत्रा आली, आणि सगुणाने सभामंडपात चुन्याच्या रेघा ओढून चार रांगा आखल्या. अशी करामत गुरवालाच सुचावी. गांजलेले इकडे, मागणारे तिकडे, विचारणारे खांबाजवळ, जाणणारे पुढे. मागणाऱ्यांची रांग देवळाबाहेर पार वडापर्यंत गेली. विचारणाऱ्यांत एकटे गावचे पंतोजी उभे राहिले. जाणणाऱ्यांच्या रांगेत जायला कोणी धजेना, शेवटी लोकांच्या आग्रहाने एक बैरागी उभा केला, तोही जरा वेळाने जत्रेतला गुळाचा खाजा घ्यायला निघून गेला. लोकांना गंमत वाटली. गावचे मुख्य मानकरी भिकाजी गावकर मिशीत हसत म्हणाले, "सगुणा, देवाचा काम सोपा केलंस हां."

त्या वर्षी मथूकाकी जत्रेलाही आली होती. गर्दीत ती सहसा यायची नाही, पण देवाला आज दमायला झालं असेल, बघून यावं, म्हणून आली. रेघांपाशी येऊन ती थांबली. कुठे उभं राहायचं ते तिला कळेना. सगुण मोठ्या रंगात होता. त्याने तिचा दंड धरला आणि तिला गांजलेल्यांच्या रांगेत नेऊन उभं केलं. एकुलता एक मुलगा दर्याने नेलेली बाई आणखी कुठे उभी राहणार?

तिची पाळी आली तेव्हा ती कानात काहीच बोलली नाही. सगळं गाव बघत होतं. गाऱ्हाण्याला खंड पडून चालत नाही, आणि सगुणाला तर गप्प राहणं ठाऊकच नव्हतं. त्याने आपल्या मनाने सूर लावला.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुजी मथुरा लेकराच्या वाटेकडे डोळे लावन तुज्या पायाकडे इलीहा. बारा वर्सां तिणा सोसला. तिचो येसो जय आसात थयसून तिच्या दारात हाडून उभो कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळं गाव गरजलं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सगुणाला वाटलं, आपण आजवर इतकं चांगलं गाऱ्हाणं घातलं नव्हतं. त्याने वळून पाहिलं तर मथूकाकीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने देवाकडे एकदा पाहिलं, लगेच नजर खाली केली आणि माणसांतून वाट काढत निघून गेली.

दुसऱ्या दुपारी ती आली नाही. तिसऱ्या दुपारीही आली नाही.

चौथ्या दिवशी भिकाजी गावकर मुलीच्या लग्नाचा कौल लावायला आले. सगुणाने पाकळ्या लावल्या. तासभर गेला, उजवी पडेना की डावी पडेना. संध्याकाळ झाली. सकाळी येऊन पाहिलं तर पाकळ्या तशाच. वाळल्या, आक्रसल्या, पण पडल्या नाहीत. वाळलेली पाकळी दगडाला कशी चिकटून राहील? पण ती राहिली असे सांगतात. पहिला कौल सुटल्याशिवाय दुसरा लावायचा नाही हा नियम, त्यामुळे गावाचा सगळा कारभार थांबला. लग्न अडलं. हिवाळ्यातली वायंगणी भाताची पेरणी कौलाशिवाय करायची नाही, तीही अडली. भिजवलेल्या बियाण्याला टोपलीतच मोड आले. एका मानकऱ्याने अभिषेक केला, दुसऱ्याने कोंबड्याचा नवस केला. पाकळ्या हलल्या नाहीत.

"देव गुरवावर रुसलो," गावात बोलणं सुरू झालं. भिकाजी गावकरांनी सगुणाला बोलावून सरळ सांगितलं की पुनवेपर्यंत कौल झाला नाही तर देवळाची किल्ली पलीकडच्या गावच्या गुरवाकडे जाईल. सगुणाच्या घराण्याने सात पिढ्या त्या देवाला पाणी घातलं होतं. सगुण घरी आला आणि न जेवताच पडून राहिला.

कशामुळे काय झालं हे त्याला कळत नव्हतं असं नाही. दुसऱ्या दिवशी तो मथूकाकीच्या खोपटाकडे गेला. ती दारात भात पाखडत होती. तिने त्याला पाट दिला, गूळपाणी दिलं. मनात अढी धरणारी ती बाई नव्हतीच.

"काकी, देवळात चल," सगुण म्हणाला. "तू येना झालंस आणि देवान कौल बंद केल्यान. पुनवेक माजी सेवा जातली. माज्यासाठी तरी चल."

"तुजी सेवा जाव नये असा माकाय वाटता रे," ती म्हणाली. मग सूप बाजूला ठेवून तिने त्याच्याकडे पाहिलं. "पण तू माका मागणारी केलंस, सगुणा. बारा वर्सां मी तेच्याकडे येसोबद्दल एक अक्षर काढूक नाय. माका लेकराची आठवण येना नाय असा वाटला तुका?"

सगुणाने गूळपाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"दर्यान जा न्हेला ता देवाच्या हातात उराक नसात, ह्या माका पयल्या वर्साच कळला. मगे मी मागलंय आणि तेका देवूक जमला नाय, तर तो माज्यासमोर मान खाली घालून बसतलो. रोज! माका ता बघवचा नाय. म्हणान मी आपली कोंबडीचा सांगी, गुडघ्याचा सांगी. तेकाय बरा वाटा, माकाय बरा वाटा. आता खयच्या तोंडान जाव? मी समोर गेलंय की तेका तुजा गाऱ्हाणा आठवतला."

सगुण उठला. काय बोलून निरोप घेतला ते त्याचं त्यालाही पुढे आठवलं नाही म्हणे. सडा चढताना त्याला सारखं एकच दिसत होतं. आपण चार रेघा ओढल्या आणि आपण स्वतः कुठल्या रांगेतले हे पाहिलंच नाही. किल्ली वाचवायला आपण त्या बाईच्या दारात गेलो. वडापर्यंत गेलेल्या त्या रांगेत सगळ्यांत पुढे खरं तर आपणच उभे होतो.

त्या दुपारी तो खांबाजवळ, तिच्या जागी, जाऊन बसला. देवळात त्याचं सगळं आयुष्य गेलं होतं, पण असा कामाशिवाय तो कधी बसला नव्हता. दोनतीन माणसं आली, नारळ ठेवून कपाळ टेकवून गेली. कोणी बसलं नाही. बाहेर कातळ तापला होता. आत देव उभा होता, अंगाला दोन वाळक्या पाकळ्या चिकटलेल्या. सगुणाला त्या दिवशी पहिल्यांदाच देवाची दया आली. हजारो गाऱ्हाणी याच्या अंगावर आपण टाकली, पण याचं म्हणणं काय ते कधी कोणाकडे पोचवलं नाही. आपण गुरव, इकडचं तिकडे नेणं हा आपला धर्म, आणि जन्मभर आपण एकाच दिशेने नेत राहिलो. देवापुढे सहसा न रडणारा सगुण तिथे बसून पोटभर रडला.

पुनवेच्या सकाळी भिकाजी गावकर मानकऱ्यांना घेऊन किल्ली ताब्यात घ्यायला आले. सगुणाने कमरेची किल्ली सोडून मुकाट्याने त्यांच्या हातावर ठेवली. "सेवा तुमी कोणाकव द्या," तो म्हणाला. "पण माजा एक गाऱ्हाणा रवलाहा, ता घालूक देवा." त्याने आंघोळ केलेलीच होती. ठेवणीतलं धोतर नेसून, डोक्याला फेटा बांधून, देवाच्या पायाशी ठेवलेला नारळ दोन्ही हातांत घेऊन तो देवळाबाहेर पडला आणि सडा उतरायला लागला. हा चाललाय कुठे, म्हणून मानकरी मागे निघाले, मानकऱ्यांमागे गाव निघालं.

मथूकाकी दारातच होती. एवढी माणसं पाहून ती उठून उभी राहिली. सगुण तिच्यापुढे थांबला. देवासमोर उभा राहायचा तसाच, पाय जुळवून. आणि त्याने सूर लावला, पण नेहमीचा नव्हे, अगदी हळू.

"बाये मथुरा म्हाराजा! आज ह्यो कातळेश्वर, सड्यावरचो, उन्हातान्हात उभो रवलेलो, तुज्या दारात मागणा घेऊन इलोहा. तेका नारळ नको, कोंबो नको, सोन्यानाण्याचा काय नको. तो म्हणता, माज्याकडे शंभर जणां येतत, आपापला सांगतत आणि जातत. बसणारी एक होती, ती येना झाली. तुजो येसो परत हाडूक माका जमाचा नाय. ता माका ठावक आसा, तुकाय ठावक आसा. मी मान खाली घालूनच बसतलंय. पण तू ये. रडत ये, रागान ये, माज्याशी भांडाक ये. माज्याकडे तुका देवूक काय एक नाय, तरी ये, गो बाये, माका करमाना नाय."

त्याने नारळ तिच्यापुढे धरला. गाव मागे उभं होतं, पण कोणी होय म्हटलं नाही. त्या गाऱ्हाण्याला होय म्हणण्याचा अधिकार एकाच माणसाचा होता हे सगळ्यांना उमजलं होतं.

मथूकाकीने त्या नारळाकडे पाहिलं. बारा वर्षांत गावाने तिला रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती रडली, लेकाचं नाव घेऊन, मोकळ्या गळ्याने. बायका पुढे झाल्या तशी तिने हातानेच त्यांना थांबवलं. मग पदराने तोंड पुसलं आणि दोन्ही हात पुढे करून नारळ घेतला.

"होय म्हाराजा," ती म्हणाली. आणि लगेच, "थांबा हां जरा. कोंबडी डालग्याखाली झाकतंय आणि येतंय."

ती देवळात जाऊन खांबाला टेकून बसली तेव्हा माणसं बाहेरच थांबली होती. ती देवाशी काय बोलली ते कोणाला ऐकू आलं नाही. ती थोडी भांडली, असं म्हणतात. कोणी म्हणतात, फक्त येसोच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या, बारा वर्षांच्या राहिलेल्या. एवढं मात्र सगळे सांगतात की ती बोलत असताना दोन्ही पाकळ्या एकदमच पडल्या, उजवी आणि डावी. त्याचा अर्थ काय लावायचा हे मानकऱ्यांना कळेना, पंतोजींनाही कळेना. भिकाजी गावकरांनी तो कौल मुलीच्या लग्नाचा धरला नाही, पेरणीचाही धरला नाही. त्यांनी पुढे होऊन सगुणाच्या कमरेला किल्ली बांधली आणि मग नव्या पाकळ्या लावायला सांगितल्या. त्या वेळी मात्र अर्ध्या घटकेत उजवी पडली आणि गावाने वायंगण पेरलं. सभामंडपातल्या चुन्याच्या रेघा सगुणाने स्वतः शेणाने सारवून काढल्या.

येसो आला नाही. कोणी पाहुणा नेहमी विचारतो, म्हणून सांगून टाकलेलं बरं. मथूकाकी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली आणि रोज दुपारी सडा चढत राहिली. पुढे गुडघे अगदीच गेले तेव्हा सगुण स्वतः तिच्या खोपटाशी जायचा आणि कोंबडीची खबर घेऊन देवाला सांगायचा म्हणे.

आजही या देवळात गाऱ्हाणी संपली की गुरव देवाकडे पाठ करून माणसांकडे तोंड करतो आणि देवाचं गाऱ्हाणं आपल्याला घालतो. तुमचं मागणं पुरं होवो न होवो, परत या, एवढंच ते आहे. ज्यांचं काम झालेलं असतं ते चटकन होय म्हाराजा म्हणतात आणि प्रसादाकडे वळतात. ज्यांचं झालेलं नसतं, ज्यांचं होणारच नसतं, त्यांना वेळ लागतो. कोणी ओठ घट्ट मिटून उभं असतं, कोणी खाली बघत असतं. गुरव घाई करत नाही. तो शेवटच्या माणसाने होय म्हणेपर्यंत तसाच उभा राहतो, आणि मगच देवाकडे वळतो.